नरपडच्या रस्त्याने चालणाऱ्यांच्या वतीने

मा. जिल्हाधिकारी, पालघर, तथा अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, यांस अनावृत पत्र



डहाणूपासून बोर्डीपर्यंत समुद्राच्या कडेने जाणारा जो सोळा-सतरा किलोमीटरांचा रस्ता आगर, नरपड, चिखले आणि घोलवड या गावांच्या भर वस्तीतून जातो, त्या रस्त्यासंबंधी हा अर्ज आहे. तो बंद लिफाफ्यातून आपल्या कचेरीत रुजू न करता उघडपणे छापण्यास दिला आहे, याचे कारण असे की, यात मागितलेली तजवीज एकट्या आपल्या सहीने पुरी होण्यासारखी नाही. तिला सार्वजनिक बांधकाम विभागाची, ग्रामपंचायतींची, शिक्षणसंस्थांची, चिकूच्या वाड्या राखणाऱ्या मालकांची आणि शनिवार-रविवारी मुंबईहून व गुजरातेतून मोटारी घेऊन आमच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांचीही साथ लागणार आहे, आणि या सर्वांनी तो एकाच वेळी वाचावा अशी इच्छा आहे.

हा रस्ता, महोदय, मुख्यतः विद्यार्थ्यांचा आहे. बोर्डी हे तालुक्यातले विद्येचे गाव. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी नावारूपास आणलेले सुनाबाई पेस्तनजी हकीमजी विद्यालय तेथे आहे, गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय तेथे आहे, आणि ग्रामीण भागातल्या लहान मुलांच्या शिक्षणाचा जो प्रयोग पुढे साऱ्या देशाने उचलला, तो ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन १९४५ साली सुरू केला तोही बोर्डीतच. शहरातल्या विद्यापीठाला आवार असते, आवाराला भिंत आणि दरवाजा असतो, आणि दरवाज्याच्या आत आल्यावर विद्यार्थ्याला झाडांच्या सावलीतून निर्धास्त चालता येते. आमच्याकडील विद्येचे आवार मात्र किनाऱ्याच्या पाच गावांत पसरलेले आहे. नरपडचा मुलगा शिकतो बोर्डीस, घोलवडची मुलगी डहाणूस येऊन उपनगरी गाडीने पालघरच्या महाविद्यालयात जाते, चिखल्याचे पोर शिकवणीसाठी डहाणूस येते, आणि या सर्वांच्या वर्गखोल्यांना जोडणारा व्हरांडा म्हणजे हा डांबरी रस्ता, ज्याच्या कडेला चालण्यासाठी राखून ठेवलेली सलग अशी वीतभर जागासुद्धा नाही.

ताराबाई आणि अनुताई यांचे नाव मी केवळ अभिमानापोटी घेत नाही. बोर्डीहून ते कार्य पुढे आमच्या पूर्वेस कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तेथे त्या दोघींच्या ध्यानात आले की वारली पाड्यावरचे मूल शाळेपर्यंत येऊ शकत नाही, कारण त्याला धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते किंवा गुरे राखायची असतात. तेव्हा त्यांनी मुलाला दोष न देता शाळाच उचलून त्याच्या अंगणात नेली, आणि जेथे गुरे चरत तेथे कुरणशाळा भरवली. शिक्षण आणि मूल यांच्यामधले अंतर कमी करण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे, हा त्या कार्याचा गाभा होता. आज त्याच पाड्यांवरची नातवंडे-पणतवंडे आपण होऊन, दप्तर पाठीला लावून, पहाटे उठून निघतात. त्यांना बोलावून आणावे लागत नाही. अशा वेळी त्यांच्या पायाखालचा रस्ता निर्धोक करून देण्याएवढेही आपल्याकडून होऊ नये, हे त्या परंपरेला शोभणारे नाही, असे मला मनापासून वाटते.

रस्त्याची आजची स्थिती आपल्या पाहणीत आली असेलच. परंतु मोटारीच्या काचेतून जे दिसते आणि पायी चालणाऱ्यास जे भोगावे लागते, त्यांत पुष्कळ अंतर असल्यामुळे त्यातल्या दोन-तीन गोष्टी जवळून सांगतो. पहिली गोष्ट साईडपट्टीची. रस्त्याचे नूतनीकरण होते तेव्हा डांबराचा नवा थर जुन्यावर चढतो, आणि साईडपट्टीवर मुरूम घालून ती त्या पातळीस आणण्याचे काम, जे खरे म्हणजे त्याच कामाचे अंग आहे, ते बहुधा मागे राहते. पावसाळ्यात उरलासुरला मुरूमही वाहून जातो, आणि डांबराच्या कडेला एक धारदार पायरी तयार होते. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की सायकलवरची मुलगी कडेला घेते, पुढचे चाक त्या पायरीवरून घसरते, आणि सायकल जर रस्त्याच्या बाजूला कलंडली तर पुढचे काही सांगावयास नको. शासन मानव विकास कार्यक्रमाखाली दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली देते, ही अत्यंत स्तुत्य गोष्ट आहे. पण सायकल देणारे खाते एक, रस्ता करणारे खाते दुसरे, आणि त्या सायकलीला चालण्यासाठी हातभर सपाट जागा हवी ही गोष्ट या दोहोंपैकी कोणाच्याच अंदाजपत्रकात नाही.

दुसरी गोष्ट मोऱ्यांची. समुद्राकडे जाणारे ओहोळ आणि खाजणाचे पाणी वाहून नेण्यासाठी या रस्त्याखाली मोऱ्या आहेत, आणि मोरीचा कठडा डांबराला अगदी लागून उभा असला की तेवढ्या अंतरात पायी चालणाऱ्याला गाड्यांच्या वाटेत उतरण्यावाचून गत्यंतर नसते. कोरड्या ऋतूत मागेपुढे पाहून ते चार पावलांचे अंतर धावत काटता येते. पावसाळ्यात तसे होत नाही. आमच्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून, आडवा येतो. डहाणूच्या दिशेने चालणारा विद्यार्थी वाऱ्याला तोंड देण्यासाठी छत्री सरळ डोळ्यांसमोर धरतो, आणि त्याला दिसते ते फक्त छत्रीचे कापड आणि स्वतःची पावले. समोरून येणारी मोटार त्याला दिसत नाही, आणि भिजलेल्या काचेतून मोटारवाल्याला तो दिसतोच असे नाही.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांची नसून मांगेला-माच्छी समाजातल्या आमच्या मासेविक्या भगिनींची आहे, पण रस्ता सामाईक असल्यामुळे ती येथेच सांगणे योग्य. डोक्यावर मासळीची भरलेली टोपली घेतलेल्या बाईला मान वळवता येत नाही. मागे काय येत आहे हे पाहायचे तर तिला सगळे शरीर फिरवावे लागते, आणि तेवढा अवकाश हॉर्न तिला देत नाही. म्हणून ती न पाहताच बाजूला होते, आणि बाजूला होते म्हणजे वाडीच्या काटेरी कुंपणावर जाते. हे दृश्य या रस्त्यावर इतके नित्याचे झाले आहे की ते पाहून कोणी थबकतही नाही, आणि मला वाटते, अपघातांच्या नोंदवहीत कधी न येणारे हे जे नित्याचे भय आहे, त्याचीही दखल शासनाने घ्यावी. नोंद फक्त मृत्यूची होते, परंतु त्या एका मृत्यूमागे हजार वेळा कुंपणावर ढकलले जाणे असते.

मृत्यूची नोंदही काही लहान नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे मरणाऱ्या पाचांतला जवळजवळ एक असा होता की ज्याच्याजवळ वाहनच नव्हते. या आकड्यामागचे शास्त्र मुळीच गहन नाही. वेग दुपटीने वाढला की आघाताची शक्ती चौपट होते. ताशी तीस किलोमीटर वेगाच्या मोटारीची धडक बसलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो, आणि वेग पन्नास-साठाच्या घरात गेला की तो वाचण्याची आशा झपाट्याने मावळत जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने आणि २०२० साली स्टॉकहोम येथे जमलेल्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी जेथे माणसे आणि वाहने एकाच रस्त्यावर मिसळतात तेथे ताशी तीस ही मर्यादा मुक्रर करावी असे सांगितले आहे. आता हिशेब पाहावा. आगर ते बोर्डी या पाच गावांच्या वस्तीचा भाग प्रत्येकी एक किलोमीटर धरला, तर साठच्या वेगाने तो ओलांडण्यास एकेक मिनिट लागते आणि तीसच्या वेगाने दोन-दोन. म्हणजे सबंध प्रवासात मोटारवाल्याचा जास्तीत जास्त पाच मिनिटांचा खोळंबा. समुद्रावर दोन दिवस विसावा घेण्यासाठी दीडशे किलोमीटर येणाऱ्या पाहुण्याला ही पाच मिनिटे जड वाटावीत, असे मी मानावयास तयार नाही.

कायद्याचे पाठबळ नाही असेही नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ अन्वये शासनास, किंवा शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यास, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यापुरती वेगमर्यादा कमी करता येते. कलम ११५ अन्वये विशिष्ट प्रकारच्या वाहनांवर विशिष्ट वेळेस निर्बंध घालता येतो. आणि २०१९ च्या दुरुस्तीने पादचाऱ्यांच्या वावरासंबंधी नियम करण्याचा अधिकारही राज्यांना दिलेला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांच्या सोयींसाठी जे मानक ठरवले आहे, त्यात पादपथाची निर्वेध रुंदी किमान १.८ मीटर असावी असे म्हटले आहे. आणि या सर्वांवर, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये असा निर्वाळा दिला की, अडथळ्यावाचून वापरता येईल असा पादपथ मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा नरपडचा विद्यार्थी जे मागतो आहे ती खैरात नव्हे. त्याच्या पूर्वजांची या वाटेवरची वहिवाट मोटारीच्या आगमनाहून कितीतरी जुनी आहे, आणि आता देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने तिला हक्काचे स्थान दिले आहे.

यावर सर्वांत आधी सुचणारा उपाय म्हणजे रस्तारुंदी, आणि त्यास माझा स्पष्ट विरोध आहे. वस्तीतला रस्ता रुंद केला की वाहनांचा वेग वाढतो, ओलांडायचे अंतर वाढते, आणि कडेची झाडे जातात. म्हणजे ज्याच्या रक्षणासाठी रुंदी करायची त्याची सावली आणि सुरक्षितता दोन्ही हिरावली जातात. शिवाय हा तालुका कोणता, हे विसरून चालणार नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली, त्या घोषणेचे दोन दशकांहून अधिक काळ रक्षण केले. कारखान्याच्या धुराड्यापासून ज्या भूमीचे आपण एवढ्या निष्ठेने रक्षण केले, ती मोटारींच्या स्वाधीन करणे सुसंगत होणार नाही. दक्षिणेकडे वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालेली आहे. त्या बंदराविषयी कोणाचे मत काहीही असो, त्याच्या पाठोपाठ तालुक्यातली वर्दळ वाढणार यात संदेह नाही, आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग असताना जड वाहनांनी किनाऱ्याची ही वाट चोखाळू नये, याचा बंदोबस्त आत्ताच झाला तर होईल. एकदा शिरस्ता पडून गेल्यावर तो मोडणे फार कठीण जाते.

आपल्याच कोकण विभागात माथेरान आहे. तेथे पाहुण्यांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे माणसे पायी, घोड्यावर किंवा छोट्या रेल्वेने जातात. आणि म्हणून कोणी माथेरानला जायचे सोडले आहे असे दिसत नाही, उलट लोक जातात ते त्या शांततेसाठीच. आमचा रस्ता पाच गावांची रहदारीची वाट असल्यामुळे तेथल्यासारखी सर्वस्वी बंदी मी मागत नाही. दूरचे उदाहरण हवे असेल तर हॉलंडमधले ग्रोनिंगेन पाहावे. तेही विद्यापीठाचेच गाव. १९७७ साली तेथल्या नगरपालिकेने गावाच्या मध्यभागाचे चार भाग पाडले, आणि मोटारीला एका भागातून दुसऱ्यात थेट जाता येणार नाही, तिने बाहेरच्या रस्त्याने वळसा घालावा, पायी जाणाऱ्याने आणि सायकलस्वाराने मात्र सरळ जावे, अशी योजना अमलात आणली. व्यापाऱ्यांनी धंदा बुडेल म्हणून कडाडून विरोध केला. धंदा बुडाला नाही, आणि आज ते गाव सायकलींचे गाव म्हणून जगात ओळखले जाते. आमच्याकडचे घरगुती निवासांचे आणि खानावळींचे चालक हीच शंका काढतील, आणि त्यांची काळजी मला समजते, कारण अनेक कुटुंबांचा चरितार्थ आता पाहुण्यांवर आहे. परंतु पाहुणा येतो तो सुरूच्या बागेतून चालत समुद्रावर जाण्यासाठी, आणि त्याच बागेला मोटारींचा वेढा पडला तर तो पुढच्या खेपेस दुसरा किनारा शोधील.

रविवारची दुपार याची साक्ष आहे. सुरूच्या सावलीत आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी एकीला एक लावून उभ्या राहतात. जी अर्धीमुर्धी साईडपट्टी आठवडाभर होती तीही त्यांच्याखाली जाते, आणि गावातली माणसे, पाहुण्यांची मुले, शहाळेवाले, सर्व मिळून रस्त्याच्या मधोमध चालू लागतात, ज्यांच्यातून एस. टी.ची गाडी आणि रिक्षा वाट काढत जातात. ग्रामपंचायतीने वस्तीबाहेर एखादी मोकळी जागा घेऊन तेथे वाहनतळ करावा, त्याची माफक फी घ्यावी, आणि ती फी त्याच रस्त्याच्या साईडपट्टीवर खर्च करावी, यासाठी आपल्याकडून मंजुरी आणि प्रोत्साहन मिळाले तर हा प्रश्न बराचसा सुटेल. वाहनतळापासून किनाऱ्यापर्यंत चालावे लागेल, आणि त्यात कोणाचेही काही बिघडणार नाही. वृद्धांना आणि अपंगांना अर्थातच गाडी जवळ आणण्याची मुभा असावी.

माझे मागणे मोठ्या खर्चाचे नाही. पाचही गावांच्या वस्तीत ताशी तीसची मर्यादा घोषित व्हावी, आणि ती नुसत्या फलकावर न राहता वस्तीच्या दोन्ही टोकांना, शाळा-महाविद्यालयांच्या दरवाज्यांशी आणि एस. टी. थांब्यांशी शास्त्रशुद्ध उंचीचे गतिरोधक व उंचावलेले झेब्रा पट्टे बांधून तिचा अंमल व्हावा. कारण पोलीस दिवसभर उभा राहू शकत नाही, गतिरोधक राहू शकतो. रस्त्याच्या एका बाजूला तरी आगरपासून बोर्डीपर्यंत सलग पायवाट असावी. वस्तीत ती फरसबंद व उंच, वस्तीबाहेर नुसत्या दाबलेल्या मुरुमाची, आणि जेथे रस्ता किनाऱ्याला लागून जातो तेथे एकही झाड न तोडता सुरूंच्या ओळीतून वळवलेली. मोऱ्यांना कठड्याबाहेरून पायी जाण्यापुरती स्वतंत्र फळी किंवा स्लॅब जोडावी. वाडीमालकांचे कुंपण जेथे हातभर मागे घ्यावे लागेल तेथे त्यांच्याशी बसून बोलावे, आणि रीतसर मोबदला द्यावा. हुकूम काढून जमीन मिळते, पण पायवाट राखली जाते ती लगतच्या मालकाच्या सद्भावनेनेच. आणि यापुढे डांबरीकरणाचे कोणतेही काम साईडपट्टी समपातळीत आल्याशिवाय पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये, एवढी एक ओळ आपण समितीच्या ठरावात घातली, तरी निम्मे काम होईल.

शिक्षणसंस्थांनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. दुचाकी आता पुष्कळ विद्यार्थ्यांकडे आहे, आणि महाविद्यालयाच्या दारात ती सुसाट येते हे आपण सर्वजण पाहतो. आवाराच्या आत वाहन न नेता ते दरवाज्याशीच लावावे, आणि शिक्षकांनी व पाहुण्यांनीही हाच नियम पाळावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी नरपड ते बोर्डी हा रस्ता एकदा मोजपट्टी घेऊन चालावा, कोठे साईडपट्टी तुटली आहे, कोठे कठडा आडवा येतो, कोठे रात्री दिवा नाही, याची नोंद करून ती आपल्या समितीपुढे ठेवावी. तलासरीच्या कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालयातल्या मुलांनाही महामार्गाच्या निकटच्या वर्दळीचा अनुभव आहे. त्यांनी आपल्या भागाची अशीच पाहणी केली तर दोन्ही तालुक्यांचा एकत्र विचार होऊ शकेल. भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचा याहून चांगला धडा मला तरी सुचत नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती आपल्याला व्यक्तिशः आहे. समितीची बैठक या विषयावर बोलावण्यापूर्वी आपण एकदा कामकाजाच्या दिवशी सकाळी नरपडच्या एस. टी. थांब्यापासून चिखल्यापर्यंत पायी यावे, बरोबर बांधकाम विभागाच्या अभियंत्यांना आणावे, आणि मुले कॉलेजला निघतात त्या वेळेस यावे. जूनमध्ये पाऊस आणि महाविद्यालये बरोबरच सुरू होतात. त्यापूर्वी किमान वस्तीतली वेगमर्यादा, गतिरोधक आणि साईडपट्टीचा मुरूम, ही तीन कामे व्हावीत, आणि पायवाटेची तरतूद पुढील वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेत मांडली जावी, अशी आमची मागणी आहे.

आपला नम्र,
नरपड येथील एक रहिवासी